प्रार्थना सुचत नाही म्हणजे विश्वास संपला, असं कोण म्हणालं तुला?

पत्र थोडं कमी करून देतेय, ओळख कळेल असं काही ठेवलेलं नाही.

"मावशी, सलाम. मी मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, वय ३७. आईच्या किडन्या शुगरमुळे गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मीच न्यायचे, नाईट करून घरी यायचं आणि तिला घेऊन परत निघायचं. चर्चच्या मंडळीनं खूप प्रार्थना केली, उपास धरले, एका घरसभेत तर एका भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं की आई पूर्ण बरी होणार, प्रभूनं दाखवलंय. फेब्रुवारीत आई गेली. दोन महिन्यात मिस्टरांचं कुपवाड एमआयडीसीतलं काम सुटलं, कंपनीनं माणसं कमी केली. आता ते घरी मोबाईल बघत बसतात, बोलत नाहीत, घराचा हप्ता माझ्या एकटीवर. त्यात मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तुमच्या घरात कुठंतरी विश्वास कमी पडला बघा, तपासा. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की काहीच येत नाही, नुसतं भिंतीकडं बघत बसते. चर्चला जात नाही, ड्युटी आहे म्हणून सांगते. आईची डायलिसिसला न्यायची पिशवी अजून दाराच्या मागं आहे, शाल, मारीचा पुडा, फाईल, सगळं तसंच. सगळे म्हणतात धीर धर. कुठून आणू? नऊ वर्षांची मुलगी विचारते आजीसाठी एवढी प्रार्थना केली तर देवानं ऐकली का नाही, तिला काय सांगू? मी ख्रिस्ती उरलीये का?"

अगं पोरी, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. हो, उरलीयेस. ज्याचा विश्वास खरंच संपलाय तो असं दोन पानी पत्र लिहीत बसत नाही, तो रविवारी मटण आणून झोपतो. तुझं दुखतंय याचा अर्थ नातं तुटलेलं नाही, तुटलं असतं तर दुखलं कशाला असतं.

आता त्या बाई. त्या वाईट असतील असं मी म्हणत नाही, आपल्या मंडळ्यांमधून हे वाक्य एवढ्या वेळा बोललं जातं की बोलणाऱ्याला आपण काय बोलून गेलो याचा पत्ताही नसतो, पण त्या चुकल्या. आणि असं बोलणारे काही आजचे नाहीत, बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात असलेच तीन मित्र आहेत. त्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोडं आले, हे मित्र भेटायला आले आणि पहिले सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, एक शब्द बोलले नाहीत. पुस्तकभर त्यांनी एवढं एकच काम बरोबर केलं. पुढं तोंड उघडलं आणि सगळं घालवलं, तू काहीतरी पाप केलं असणार, तपासून बघ, देव उगाच करत नाही. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आणि शेवटी देव कुणावर रागावतो तर त्याचीच बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर. ईयोब, जो देवाशी अक्षरशः भांडला, जन्माला आलो तो दिवस जळो म्हणाला, तो नीट बोलला असं देव म्हणतो, आणि वर मित्रांना सांगतो की जा आता ईयोबाकडं, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. तेव्हा त्या बाईंना उत्तर द्यायला जाऊ नकोस, परत म्हणाल्या तर ईयोब बेचाळीसावा अध्याय वाचा म्हणावं.

मला खरा राग आलाय तो घरसभेतल्या भाऊंचा. चार लोकांसमोर "बरी होणार" असं प्रभूच्या नावानं सांगायचं आणि माणूस गेला की मातीला येऊन उभं राहायचं आणि निघून जायचं, मग त्या शब्दाचं ओझं घरच्यांनी वाहायचं, आमच्यातच काही कमी पडलं असेल म्हणून. तू नर्स आहेस, तुला मी सांगायला नको, किडन्या त्या थराला गेल्यावर डायलिसिस माणूस चालवतं, किडनी परत आणत नाही. तुला हे रोज दिसत होतं आणि तरी सभेत सगळ्यांबरोबर तू आमेन म्हणालीस, कारण ती तुझी आई होती. मग आता मी नर्स असून आधी कसं ओळखलं नाही, हे जे तू पत्रात लिहिलेलं नाहीस पण डोक्यात नक्की चाललेलं असणार, ते बंद कर. शुगर किडनी खाते ती वर्षानुवर्षं गुपचूप खाते, तुला कळेपर्यंत बरंच होऊन गेलेलं असतं, हे तू पेशंटच्या नातेवाईकांना दहा वेळा समजावलं असशील.

आता प्रार्थना येत नाही याचं. आपल्याकडं एक समजूत पक्की बसलीये की प्रार्थना म्हणजे आधी स्तुती, मग उपकार, मग मागणी, आवाजात थोडा गहिवर आणि शेवटी जोरात आमेन. एवढं जमलं नाही की वाटतं झालं, आपली लाईन कट. अगं पण स्तोत्रसंहिता उघडून बघ की, किती स्तोत्रं निव्वळ तक्रारीची आहेत. कुठवर विसरशील, तोंड का फिरवलंस, अंथरूण आसवांनी भिजलं. ८८ वं स्तोत्र मुद्दाम वाच, रात्री ब्रेकमध्ये वाच, छोटं आहे. बाकीची स्तोत्रं बहुतेक रडत सुरू होऊन शेवटी कुठंतरी उजेडाला येतात, हे येत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधार, शेवटची ओळही अंधारातच संपते. आणि हे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही, शेवटी एक गोड कडवं जोडलं नाही. मला त्याचा फार आधार वाटतो, कारण तो माणूस उजेड दिसत नसताना सुद्धा बोलतोय कुणाशी तर देवाशीच. म्हणून तू भिंतीकडं बघत बसतेस ना, तशीच बस, फक्त तोंडानं एवढं म्हण की मला तुझा राग आलाय. किंवा म्हण की मला काही बोलायचं नाही. तीही प्रार्थनाच, आणि बराच मोठा विश्वास लागतो त्याला.

हबक्कूक संदेष्ट्याचं तर मला हसूच येतं, म्हणजे त्याचं नाही, आपल्या लोकांचं. ख्रिस्ती कॅलेंडरवर, लग्नाच्या हॉलमध्ये, त्याच्या शेवटच्या ओळी असतात, अंजिराला फूल नाही आलं, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. सुंदरच आहेत ओळी. पण त्याच पुस्तकाची सुरुवात कुणी छापत नाही, जिथं तो म्हणतो देवा मी किती दिवस ओरडू, तू ऐकतच नाहीस. तीन अध्यायांचं पुस्तक, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जायला त्याला किती दिवस लागले ते लिहिलेलं नाही, आणि आपण दुःखातल्या माणसाला थेट तिसऱ्या अध्यायातून गाणं म्हणायला लावतो. तू सध्या पहिल्या अध्यायात आहेस, एवढंच.

द्राक्षवेलीवरून सांगते. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, भावाची बाग आहे. तुम्हा मिरजेच्या लोकांना द्राक्षं बाजारात दिसतात, बागेचं वर्ष दिसत नाही. मागं एका साली ऐन मणी फुगायच्या टायमाला अवकाळी आला, सलग पाऊस, घड कुजले, जे राहिले ते तडकले, व्यापारी बांधावर येऊन बघून गेला तो परत फिरकला नाही. औषधाचं बिल दुकानात उभं, सोसायटीचं कर्ज, भाऊ दोन दिवस जेवला नाही. आणि तरी एप्रिलला त्यानं खरड छाटणी, म्हणजे द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी, लावली, मजूर लावून, उसनं घेऊन. मी म्हणलं अरे एक वर्ष सोड की, हात टेक जरा. तर म्हणाला, "आक्का, बागंला काय म्हाईत औंदा माझं वाटूळं झालंय ते. तिची काडी आत्ता धरली न्हाय तर फुडल्या साली बी घड न्हाय." त्यानं मला समजावलं तेव्हा कळलं, की पुढच्या वर्षीचा घड हा पावसाळ्यानंतरच्या फळछाटणीनंतर तयार होत नाही, तो खरड छाटणीनंतरच्या दीडदोन महिन्यात, भर उन्हाळ्यात, काडीच्या डोळ्यात आतल्या आत धरतो, सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात ते लोक. बाहेरून बघशील तर नुसती पानं आणि काड्या, एक मणी दिसत नाही. आणि त्या दिवसात बागायतदार काय करतो तर काही मोठं नाही, पाणी देतो, फुटवे विरळतो, शेंडा मारतो. आनंद बिनंद काही नसतो त्याला, चेहरा बघवत नाही.

धीर कुठून आणू विचारतेस ना, तर मला वाटतं धीर म्हणजे मनातली ताकद असं जे आपण धरून चालतो तिथंच घोळ होतो. मनात ताकद नसताना केलेली बारीकसारीक कामं, तोच धीर. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की संकटानं धीर तयार होतो आणि मग पुढं कधीतरी आशा, म्हणजे आशा त्याच्या यादीत शेवटी आहे, तू ती पहिली शोधतीयेस आणि सापडत नाही म्हणून घाबरलीयेस. आणि हाच पौल करिंथकरांना लिहिताना कबूल करतो की आशियात आमच्यावर असं दडपण आलं की जगायचीही आशा सोडली होती. पौल म्हणतोय हे, तुझ्या मंडळीतल्या कुणी म्हटलं असतं तर त्यालाही तपासून बघा म्हणाले असते.

बरं आता जरा रागावणार आहे मी तुला. झोपतेस किती? नाईट करून आल्यावर स्वयंपाक, मुलीची शाळा, मग दोन-तीन तास डोळा, परत ड्युटी, असंच ना? आईच्या वेळी वर्षभर हेच, आणि ती गेल्यावरही अंगाची सवय सुटलेली नसणार. एलीयाची गोष्ट काढ, १ राजे १९. मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर नुकताच एवढा मोठा विजय झालेला, आणि ईजबेल राणीच्या एका निरोपानं जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो बास, आता मला मरू दे. देवानं काय केलं? उपदेश नाही, विश्वास तपास नाही. आधी तो झोपला. दूतानं हलवून उठवलं आणि म्हणाला खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन परत झोपला. दूत परत आला, परत म्हणाला ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही नाहीतर. देवाचा तो प्रसिद्ध मंद आवाज पुढं खूप नंतर येतो, आधी दोन झोपा आणि दोन जेवणं झालेली आहेत. म्हणून माझा पहिला सल्ला एकदम अध्यात्मिक आहे, इन्चार्ज सिस्टरना भेटून महिनाभर नाईट कमी करून माग, कारण सांग, लाजू नकोस.

आणि दुसरा पण तसाच. रडू थांबत नाही, झोप नाही, कशात मन नाही, भिंतीकडं बघत बसणं, हे महिनोन्‌महिने चाललं असेल तर ते नुसतं दुःख नसतं, डिप्रेशनही असू शकतं, आणि तुझ्या वॉर्डातल्या कुणी असं सांगितलं असतं तर तू तिला डॉक्टरकडं धाडलं असतंस. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जा. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि मरून जावं असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर हे पत्र अर्धं ठेव आणि आधी तो फोन कर, मिस्टरांना उठवून सांग. कुणीतरी म्हणेलच की देवावर भरवसा असताना गोळ्या कशाला. त्याला विचार तुझी शुगरची गोळी बंद केलीस का. मिरजेत बसून तर असं कुणी बोलूच नये, १८९४ साली वॉन्लेस डॉक्टरांनी तिथं मिशनचा दवाखाना उघडला तेव्हापासून आपल्या भागातले ख्रिस्ती लोक प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली बघत आलेत, तुझ्यासारख्या कितीतरी घरांच्या भाकरीची सोय या नर्सिंगनंच केलीये.

आता मला जे खरं सांगायचंय ते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमची गोष्ट आहे, तुला संडे स्कूलपासून पाठ असेल, पक्षघाती माणसाला चौघं उचलून आणतात, दारात गर्दी, मग छपर उकरून वरून बाज खाली सोडतात. आपण लहानपणी छपराच्या मातीनं खाली बसलेल्यांचं काय झालं असेल यावर हसायचो. पण एक वाक्य आहे त्यात, येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसानं काय विश्वास ठेवला, प्रार्थना केली का, काही बोलला का, एक अक्षर लिहिलेलं नाही. तो नुसता पडून होता आणि लोकांनी आपल्याला उचलू दिलं. वर्षभर तू तुझ्या आईची बाज उचललीस. आता तू बाजेवर आहेस बाई, आणि हे तुझ्यातल्या नर्सला सहन होत नाहीये. विश्वास प्रत्येकानं एकट्यानं सतत धरून ठेवायची वस्तू असती तर प्रभूनं मंडळी कशाला काढली असती, प्रत्येकाला एक-एक खोली दिली असती. तुझ्या वतीनं काही दिवस दुसऱ्यांना विश्वास ठेवू दे.

पण दुसरे म्हणजे कोण, हे नीट निवड. सगळी मंडळी नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस, सत्तर हात जोडलेले येतील आणि एक बाई तपासून बघा म्हणेल. तीन-चार माणसं बघ जी आईच्या आजारात बोलली कमी आणि आली जास्त. तुझ्या बॅचची एखादी सिस्टर असेल, पाळकसाहेबांच्या घरच्या असतील, एखादी म्हातारी असेल जी दर वेळी काहीतरी डबा घेऊन यायची. त्यांना स्पष्ट सांग, मला आत्ता प्रार्थना येत नाही, माझ्यासाठी तुम्ही करा, माझ्या घरी येऊन मोठ्यानं करायची गरज नाही, तुमच्या घरी करा, आणि बुधवारी संध्याकाळी माझ्याकडं येऊन नुसतं बसा, पोरीचा अभ्यास घ्या, मी झोपते. असं मागायला फार जड जातं, मला माहितीये, आपण नर्सा-मास्तरणी देणाऱ्या जातीच्या, घेताना हात आखडतो. घे तरी.

पिशवीचं घाई करू नकोस. कुणी म्हणेल आवरून टाक, मन मोकळं होईल. तुझं मन झालं की आवर, नाहीतर राहू दे दारामागं, कुणाला काय त्रास देतीये. फक्त बिस्किटं काढून टाक, मुंग्या लागतील.

मी साताऱ्याला राहते, म्हणून इथली एक आठवण सांगते, माझी नाही, सगळ्यांची. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ च्या सुमारास साताऱ्यात होते, मिशनचं पगारी काम सोडून त्यांनी इथं 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, मोठं स्वप्न होतं, आणि १९१९ च्या मे महिन्यात माणूस गेलाच. दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. आपण त्यांची भजनं अजून गातो म्हणून आपल्याला वाटतं सगळं छानच झालं असेल. पण मला टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, जास्त वाटतं. नवऱ्यानं १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईचा संसार उभा मोडला, नवऱ्याचा राग, त्याच्या देवाचा राग, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, रडून रडून आजारी पडल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे मधली एवढी वर्षं देवानं त्या बाईचा राग चालवून घेतला असं मी धरते. आणि टिळक गेल्यावर, त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावर जे महाकाव्य लिहायला घेतलं होतं आणि दहा-साडेदहा अध्यायांवर सुटलं होतं, ते या बाईंनी, ज्यांचं शाळेत जाऊन शिक्षण झालेलंच नव्हतं, पुढं चौसष्ट अध्याय लिहून पुरं केलं. मनात रोज आशा उसळत होती म्हणून लिहिलं असेल असं मला नाही वाटत. समोर अर्धं काम पडलेलं होतं म्हणून लिहिलं असेल.

मिस्टरांचं थोडक्यात सांगते. त्यांच्यावर प्रार्थना लादू नकोस आणि त्यांना साक्षी ऐकवू नकोस, काम गेलेल्या पुरुषाला बायकोच्या डोळ्यात दया दिसली तरी झोंबतं. त्यांचं काम गेलंय आणि सासूही गेलीये, हे दुसरं कुणी त्यांना विचारलं पण नसेल. पैशाचं मात्र दोघं बसून एका दिवसात बोला. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत होते का बघा, असेल तर नोकरी गेलेल्यांना काही दिवस अर्ध्या पगाराइतका भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, अटी आणि सध्याची मुदत ईएसआयसीच्या ऑफिसात जाऊन विचारा, ते त्यांनाच जाऊ दे. हप्ता बाऊन्स व्हायच्या आधी बँकेत जाऊन मॅनेजरला भेटा, नंतर गेलं की भाषा बदलते. आणि घरातलं एक काम पूर्ण त्यांच्या हातात दे, मदत म्हणून नाही, त्यांचंच म्हणून, मुलीची शाळा म्हण नाहीतर सकाळचा डबा. डबा बिघडला तर बिघडला, खा तसाच.

चर्चला जा असं मी म्हणणार, तुला आवडो न आवडो. पण आधी सारखं नाही. ड्युटी आहे हे खोटं बंद कर, त्यानं तुलाच अपराधी वाटत राहतं, बरं वाटत नाही एवढं सांग, ते खरंच आहे. मागच्या बाकावर बस, दाराजवळ, गीत आलं तर उभी राहा आणि नाही म्हटलंस तरी चालेल, शेजारचे म्हणतायत ना. प्रभुभोजनाच्या दिवशी मात्र पुढं जा. तिथं काही वाटावं लागत नाही, सिद्ध करावं लागत नाही, हात पुढं करायचा आणि भाकर घ्यायची. आशीर्वाद झाला की दारातून निघून ये, चहाला थांबायची गरज नाही, त्या बाई चहाच्या टेबलापाशीच उभ्या असतात बहुतेक.

राहिली मुलगी. तिच्या प्रश्नाचं मला फार मोल वाटतं, मोठ्यांची हिंमत होत नाही ते ती विचारतीये, म्हणून तिला गप्प करू नकोस आणि खोटंही सांगू नकोस. देवाला आजी आवडली म्हणून त्यानं नेली, हे चुकूनही सांगू नकोस, नऊ वर्षांचं पोर लगेच हिशोब करतं, आई पण चांगली आहे, मग तिला कधी नेणार. आजी झोपलीये असंही नको, रात्री झोपायला घाबरतील पोरं. आजीच्या किडन्या बंद पडल्या होत्या, मशीननं जेवढं झालं तेवढं केलं, शरीर थकलं आणि आजी मेली, हे सरळ सांग, तू नर्स आहेस, तुझ्याइतकं नीट तिला कोण सांगणार. मग म्हण की देवानं आपण मागितलं ते का दिलं नाही हे मलाही कळलेलं नाही, मलाही राग आलाय, मी पण त्याला विचारतीये. आणि येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू त्याच्या कबरेपाशी रडला हे सांग. त्याला पुढं काय करायचंय ते माहीत होतं तरी रडला, म्हणजे माणूस गेल्यावर रडणं हे अविश्वासाचं नाही हे तिला कळू दे. आपण आजीला परत भेटू असा आपला विश्वास आहे हेही सांग, पण लगेच मलम लावल्यासारखं नको, आधी तिचं रडून होऊ दे, प्रश्न संपू दे.

ती परत परत विचारील, महिनाभरानं विचारील, नाताळात विचारील, दर वेळी तेच उत्तर दे, बदलू नकोस. आणि तिच्या संडे स्कूलच्या टीचरला आधीच गाठून सांगून ठेव, की बागेतलं सगळ्यात सुंदर फूल देव तोडून नेतो वगैरे गोष्ट माझ्या पोरीला सांगायची नाही.

सलाम,
तुझी मावशी